आजार लपवू नका, कर्जही लपवू देऊ नका
(परभणी जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



कापसाचा भाव, दुबार पेरणी, बँकेची नोटीस यांवर आपण दर बैठकीला बोलतो. आज आम्ही अशा गोष्टीवर बोलणार आहोत, जी आपण घरातसुद्धा दार लोटून बोलतो. ती म्हणजे मनाचा आजार.

तो आपण का लपवतो? एक तर घरात मुलगी लग्नाची असते. दुसरे कारण सरकारी आहे. २००६ पासून आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबाला एक लाख रुपयांची मदत ठरली, पण प्रकरण 'पात्र' ठरले तरच. कर्ज-नापिकी सोडून आजारपण कागदावर आले, की प्रकरण अपात्र होण्याची धास्ती. मग डॉक्टरची चिठ्ठी चुलीत जाते. चळवळीतले आम्हीही यात मागे नाही. 'शेतकरी वेडा नाही, कर्जबाजारी आहे' असे आम्ही ठासून सांगत आलो. ते खरेच आहे. पण जो कर्जबाजारीही आहे आणि आजारीही आहे, तो माणूस त्या वाक्यातून सुटला.

आजारांपैकी एकच घेऊ. डॉक्टर त्याला बायपोलर म्हणतात, मराठीत द्विध्रुवी विकार. काही आठवडे माणूस दोन तास झोपतो आणि ताजातवाना उठतो. विहीर पाडू, ट्रॅक्टर घेऊ, सगळे रान भिजवू, असे बोलत सुटतो. सावकाराकडे जातो, सही करतो. पुढे महिनोन्‌महिने खाटेवर. खुरपणीची वेळ निघून जाते, भाकर गोड लागत नाही. गाव म्हणते, आधी माजला, आता आळसावला. खरे असे, की उन्मादात कर्ज होते आणि उदासीत ते फेडण्याची ताकद जाते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत प्रौढांमध्ये हजारी सुमारे तीन जणांना हा आजार आढळला. म्हणजे दोन हजार प्रौढांच्या गावात पाच-सहा जण. या लोकांत आत्महत्येचा धोका इतरांच्या वीस ते तीस पट सांगितला जातो.

गावात लगेच बोल लागतो, 'त्यांच्या रक्तातच आहे.' यात अर्धे सत्य आहे. आजार काही घराण्यांत जास्त दिसतो. पण एकाच बीजाच्या जुळ्या भावांतही एकाला झाला म्हणून दुसऱ्याला होतोच असे नाही.

आपण मोहोळ पाहिलेले आहे. राणीमाशी आणि कामकरी माशी एकाच जातीच्या अंड्यातून निघतात. जिला राणीचे खाद्य शेवटपर्यंत मिळते ती राणी होते. जनुके दोघींची तीच. पण खाद्याप्रमाणे कोणते जनुक जागे राहील आणि कोणते निजेल याच्या खुणा बदलतात. बियाणे तेच, त्यावरची चिठ्ठी वेगळी. या खुणांच्या शास्त्राला एपिजेनेटिक्स म्हणतात.

माणसातही अशा खुणा असतात. कॅनडात मॉन्ट्रियलच्या शास्त्रज्ञांनी २००९ साली आत्महत्या केलेल्यांचे मेंदू तपासले. लहानपणी ज्यांचा छळ झाला होता त्यांच्यात, ताणाला आवर घालणाऱ्या एका जनुकावर अशा खुणा जास्त निघाल्या. आत्महत्या केलेल्या, पण तसा छळ न सोसलेल्या लोकांत तेवढ्या नव्हत्या. हे सगळे बायपोलरचे रुग्ण नव्हते. बायपोलरवरही असा शोध चालू आहे. पण रक्त तपासून कोण जीव देईल हे सांगणारी खात्रीची तपासणी अजून दवाखान्यात आलेली नाही. कोणी विकायला आला तर हाकलून द्या. आणि बँकेच्या नोटिशीने अमुक खूण पडते, असेही आम्ही म्हणणार नाही. तेवढा पुरावा नाही. एवढे मात्र कळले, की सोसलेले अंगात उतरते. म्हणून 'कर्ज की आजार' हा सरकारचा प्रश्नच चुकीचा आहे. एकाच माणसात दोन्ही असतात, आणि एक दुसऱ्याला वाढवते.

आता कामाचे बोलू. या आजाराला औषध आहे. लिथियम हा साधा क्षार १९४९ साली ऑस्ट्रेलियात जॉन केड या डॉक्टरने वापरून पाहिला. तो नियमित घेणाऱ्यांत आत्महत्या कमी होतात असे अनेक पाहण्यांत दिसले. मात्र त्याला रक्ततपासणी लागते. आपल्या वैशाखात घाम गेला, पाणी कमी पडले, जुलाब लागले, की रक्तात लिथियम चढते आणि ते विषारी ठरू शकते. हात थरथरू लागले, झोकांड्या जाऊ लागल्या तर तडक दवाखाना गाठा. अंगदुखीची गोळीही डॉक्टरला विचारूनच घ्या. आणि बरे वाटले म्हणून औषध मनाने बंद करू नका.

फवारणीचे औषध घरात ठेवू नका. कुलपात ठेवा, किल्ली दुसऱ्याकडे द्या. श्रीलंकेने जहाल कीटकनाशके एकामागून एक बंद केली आणि तिथल्या आत्महत्या पुढच्या वीस वर्षांत सुमारे सत्तर टक्क्यांनी घटल्या. वाईट घडी टळली, की माणूस बहुधा वाचतो. आणि 'जगून काय करू' असे कोणी म्हणाले, तर हसण्यावारी नेऊ नका. सरळ विचारा, जिवाचे काही मनात आहे का? विचारल्याने ते मनात भरत नाही. त्याला एकटा सोडू नका, जिल्हा रुग्णालयात न्या. १४४१६ हा सरकारी फोन फुकट आहे, रात्रीही चालतो. पोलिसांची भीती धरू नका. २०१७ च्या कायद्याने असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असेच धरायचे आहे, आणि त्याची काळजी घेणे सरकारचे कर्तव्य आहे.

२०१५ साली चौदा जिल्ह्यांसाठी प्रेरणा प्रकल्प निघाला. त्यात परभणी होता. आशाताईंनी घरोघर विचारपूस करावी, रुग्णालयाने सल्ला आणि औषध द्यावे, अशी त्याची मांडणी. मांडणी चांगली, पण मागितल्याशिवाय आपल्या दारी काही येत नाही. म्हणून या बैठकीपुढे आम्ही दोन मागण्या ठेवतो. आजाराची चिठ्ठी सापडली म्हणून कोणत्याही कुटुंबाची मदत अडवू नये. आणि मनाच्या आजाराची औषधे व रक्ततपासणी तालुक्याच्या रुग्णालयात दर महिन्याला मिळावी.

शेतमालाच्या भावाची लढाई सोडायची नाही. पण ती लढायला माणूस जिवंत पाहिजे. आज घरी गेल्यावर आपल्या गावातल्या त्या पाच-सहा जणांपैकी एकाच्या ओट्यावर जाऊन बसा.