मांडवाची सुतळी



आम्ही डिप्लोमावाले, सरकारी खात्यात रस्त्यांची कामे पाहणारे. मेंदूवर बोलण्याचा आमचा अधिकार नाही. पण गेल्या गणपतीत आमचे वडील, नाना, दांडिया बाजारातून घरी येताना वाट चुकले. घर पाच मिनिटांवर, आणि सापडले मांडवीला. लक्ष कुठे होते म्हणून आम्ही त्यांच्यावर चारचौघांत ओरडलो. पुढे डॉक्टरांनी अल्झायमर असल्याचे सांगितले. तेव्हापासून मिळेल ते वाचतो आहोत, त्यातले थोडे सांगतो.

कण्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत जाणारा मज्जापेशीचा धागा जवळजवळ मीटरभर लांब असतो, आणि ती एकच पेशी! तिला लागणारा बहुतेक माल वरच्या टोकाला तयार होतो आणि आतल्या पोकळ नळ्यांवरून खाली जातो. वेगवान मालही दिवसाला फार तर ४० सेंटिमीटर. म्हणजे अंगठा गाठायला अडीच दिवस. (आमच्या खात्याची फाईल याहून हळू चालते, हे कबूल.) मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत संध्या कौशिका इवल्याशा कृमींच्या मज्जापेशींत हीच वाहतूक अभ्यासतात.

नळी म्हणजे आपल्या मांडवाचा बांबू समजा, जाडी फक्त २५ नॅनोमीटर. बांबूला धरून ठेवणारी सुतळी म्हणजे 'टाउ' नावाचे प्रथिन. ते १९७५ साली सापडले. गंमत अशी, की गर्भातल्या बाळाच्या मेंदूत टाउवर फॉस्फेट जास्त चिकटलेले असते, त्यामुळे ही सुतळी सैल राहते. पेशीला अजून वाढायचे असते ना! मांडव उभा होईपर्यंत आपणही गाठ पक्की करत नाही. मोठेपणी ती आवळली जाते. अल्झायमरमध्ये पुन्हा फॉस्फेट अति होते, सुतळी बांबू सोडते आणि आपल्यातच गुंतत जाते. आलोइस अल्झायमर यांनी १९०६ साली एका रुग्ण बाईच्या मेंदूत पाहिलेला गुंता तो हाच. दोष एकट्या टाउचा नाही. पेशींबाहेर अमायलॉइड नावाचे दुसरे प्रथिनही साचते. गुंता सोडवणारे औषध मात्र अजून हाती आलेले नाही.

नवी आठवण साठवणे आणि वाट ओळखणे मेंदूच्या ज्या भागांत चालते, तिथे हा गुंता लवकर शिरतो. नानांना सकाळचा चहा आठवत नाही, अथर्वशीर्ष मात्र अडखळत नाही. त्या दिवशी त्यांचे लक्ष ठिकाणावरच होते. वाटच पुसली गेली होती. हे कळायला आम्हाला वर्ष लागले.

यंदा नाना पुढच्या रांगेत बसलेले आहेत. त्यांच्या खिशात पत्ता आणि आमचा नंबर लिहिलेली चिठ्ठी आहे. ते एकटे मंडपाबाहेर निघालेले दिसले, तर अडवू नका; त्यांच्यासोबत चालत राहा आणि आम्हाला फोन करा.