आधी कळले तिला, म्हणून दोष तिचा?



घरात आजार शिरला की त्याचे खापर सुनेच्या माथी फोडायचे, ही आपली जुनी खोड. एच. आय. व्ही.बद्दलचा पुरावा काय सांगतो, ते पाहा.

१९९३ ते १९९६ या काळात पुण्यातील गुप्तरोगांच्या दवाखान्यांत आलेल्या स्त्रियांची पाहणी झाली. त्यांतील ३९१ स्त्रिया देहविक्रय करणाऱ्या नव्हत्या. तरी त्यांच्यात शेकडा सुमारे १४ जणींना लागण आढळली. बहुतेकींचा संबंध फक्त नवऱ्याशीच आलेला! हे आकडे दवाखान्यातले, साऱ्या गावाचे नव्हेत. पण धोका घरातूनही येतो, एवढे त्यांनी दाखवून दिले. बायकोला केलेला एकनिष्ठेचा उपदेश तिला वाचवू शकत नाही. नवऱ्यापर्यंतही पोचले पाहिजे.

आता गरोदरपणीच तपासणी होते आणि औषधाने बाळाची लागण बहुधा टाळता येते. हे फार चांगले झाले. पण त्यात एक गोम आहे. तपासणी आधी बाईची होते, म्हणून लागणही आधी तिचीच कळते आणि बोल तिलाच लागतो. विहिरीचे पाणी आज तपासले, म्हणून ते आजच बिघडले असे आपण म्हणतो का?

तेव्हा गुरुजींनी आणि बाईंनी गावात एवढेच सांगावे : तपासणी जोडप्याने मिळून करावी. सरकारी रुग्णालयात ती मोफत होते, नाव गुप्त राहते. औषध नियमित घेतले, तर माणूस पुष्कळ वर्षे कामाधामाचा राहतो. सुनेला घराबाहेर काढून मात्र कुणाचाच आजार बरा होत नाही.