आधी ताट वाचा



तुम्ही आता वाचू लागलात. एस.टी.ची पाटी वाचता. सातबाऱ्यावरचे नाव वाचता. अंगठा गेला आणि सही आली. आम्ही चौतीस वर्षे पोरांना शिकवले. पण दिवसभर रानात राबून रात्री पाटी हाती धरणारा माणूस पाहिला, की आमचीच मान लवते.

आज आपण दोन गोष्टी वाचायच्या. एक, दुकानातला पुडा. दुसरी, आपल्या घरातले ताट.

हा पाहा बिस्किटांचा पुडा. किंमत ५ रुपये. आकडे तुम्हाला येतातच. किंमत वाचा. वजन वाचा. कधी बनवला आणि कधीपर्यंत खावा, ती तारीख वाचा. तारीख उलटली असेल तर पुडा परत करा. दुकानदाराच्या भिडेला पडू नका.

आता बारीक अक्षरे पाहा. आत काय काय घातले आहे त्याची ही यादी. ती बहुधा इंग्रजीत किंवा हिंदीत असते. हिंदी असेल तर अक्षरे आपलीच आहेत. इंग्रजी असेल तर शाळेत जाणाऱ्या पोराला वाचायला लावा. या यादीची एक खूण ध्यानात ठेवा. जी वस्तू सर्वांत जास्त, तिचे नाव सर्वांत आधी. तसा नियमच आहे.

या पुड्यावर पहिले नाव मैद्याचे. दुसरे साखरेचे. तिसरे पामतेलाचे. वर चित्र मात्र गव्हाच्या ओंबीचे आणि दुधाच्या पेल्याचे! यादीत दूध शोधायला गेलो, तर ते सापडले पार शेवटाकडे. अशा गोड बिस्किटांत चार भागांतला जवळजवळ एक भाग साखर असते. थंड पेयाचेही तसेच. पाव लिटरच्या बाटलीत पाच-सहा चमचे साखर असते.

बिस्किट खाऊच नका, असे आम्ही म्हणत नाही. पाहुणा आला, पोराने हट्ट धरला, तर घ्यावे. पण पोराच्या पोटाला आधार म्हणून घेऊ नये. त्याच पैशांत मूठभर शेंगदाणे येतात. शेंगदाण्यात चौथा हिस्सा प्रथिने असतात. प्रथिने म्हणजे अंग भरणारा, पोराला वाढवणारा भाग. कूट करून त्यात गूळ घाला आणि लाडू वळा. लहान पोरालाही तो खाता येतो.

मिठाच्या पुड्यावर 'आयोडीनयुक्त' हा शब्द शोधा. आयोडीन कमी पडले तर गलगंड होतो. पोटातल्या बाळाच्या बुद्धीची वाढ खुंटते. पण मीठ हात आखडूनच वापरा. मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा पुरे. लोणचे, पापड, फरसाण यांतले मीठही त्यातच धरायचे, बरं का.

हे झाले पुडा वाचणे. ते सोपे आहे. ताट वाचणे अवघड. आमचीच गोष्ट सांगतो.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या सूनबाई पाण्याची घागर घेऊन येताना ओसरीवरच चक्कर येऊन पडल्या. आम्ही त्यांना सरकारी दवाखान्यात नेले. रक्त तपासले. बाईमाणसाच्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचा आकडा १२ च्या खाली जाऊ नये. सूनबाईंचा निघाला ७.८.

डॉक्टरीणबाईंनी आम्हाला विचारले, "गुरुजी, सूनबाई जेवतात कधी? आणि काय जेवतात?"

आम्हाला उत्तर देता आले नाही. चौतीस वर्षे आम्ही फळ्यावर लिहिले, 'पालेभाज्या खाव्यात.' पण आमच्याच घरात शेवटचे ताट कसे असते, ते आम्ही कधी पाहिले नव्हते.

त्या रात्री आम्ही जेवून उठलो नाही. चुलीपाशीच बसून राहिलो. आधी आम्ही आणि मुलगा जेवलो होतो. मग नातवंडे जेवली. मग आमच्या घरच्या मंडळी जेवल्या. सर्वांत शेवटी सूनबाई. मेथीची भाजी तोवर संपली होती. उसळीचा नुसता रस्सा राहिला होता. सूनबाईंनी दीड भाकरी चटणीशी खाल्ली आणि वर कपभर चहा घेतला. झाले जेवण! जिने सगळे रांधले, तिच्या ताटात काहीच नव्हते.

आम्ही म्हटले, "उद्यापासून सगळे एकदम बसू."

घरच्या मंडळी म्हणाल्या, "आम्ही न्हाई का जेवलो मागनं? चाळीस वर्षं जेवलोच की!"

असे बोलल्या आणि गप्प झाल्या. थोड्या वेळाने हळूच म्हणाल्या, "मलाबी त्या वक्ताला लई चक्कर यायची. कुणी इचारलंच न्हाई."

मंडळी, आमच्याकडे त्याला उत्तर नव्हते.

दुसऱ्या दिवशी सगळी ताटे एकदम मांडली. भाजी आधी सर्वांच्या ताटात वाढली, मग उरली ती पुन्हा घेतली. दवाखान्यातून लोहाच्या गोळ्या फुकट मिळाल्या, त्या सूनबाईंनी न चुकता घेतल्या. चार महिन्यांनी आकडा १०.९ झाला. पुढे १२ च्या वर गेला.

हे आमच्या एकट्याच्या घरचे नाही. २०१९ ते २०२१ या काळात सरकारने घरोघरी आरोग्याची पाहणी केली. आपल्या महाराष्ट्रात तपासलेल्या बायकांपैकी निम्म्याहून अधिक जणींच्या अंगात रक्त कमी निघाले.

कोणी म्हणेल, "गुरुजी, चांगलंचुंगलं खायला पैसा कुठाय?" प्रश्न खरा आहे. १९७२ च्या दुष्काळात आम्ही शाळकरी पोर होतो. तांबडा मिलो खाऊन दिवस काढले. तेव्हा रानातच काही नव्हते. आज रानात आहे, पण ताटात नाही. बांधावर तांदुळजा, घोळ, चाकवत उगवतो. परसात शेवगा आहे. त्याच्या शेंगा आपण खातो आणि पाला शेळीला घालतो. बाजरी विकतो आणि मैद्याचा पुडा आणतो. नाचणीला गरिबाचे धान्य म्हणतो. पण हाडाला लागणारे कॅल्शियम १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असते. तेवढ्याच तांदळात ते दहाच्या आसपास असते. कोण गरीब आणि कोण श्रीमंत, तुम्हीच सांगा!

आता रांधण्याच्या चार गोष्टी ऐका. पैसा एकीलाही लागत नाही.

पालेभाजी आधी धुवा, मग चिरा. चिरून धुतली तर तिचे सत्त्व पाण्याबरोबर जाते. शिजवताना झाकण ठेवा. भाजी उकडलेले पाणी फेकू नका. त्याची आमटी करा.

भाजी लोखंडी कढईत करा. ताटात लिंबाची फोड ठेवा. आंबटाने भाजीतले लोह अंगी लागते. चहाने ते वाया जाते. म्हणून जेवणाच्या आधी आणि नंतर तासभर चहा नको.

मटकी, मूग, हरभरा भिजवून मोड आणा. मोड आले की कडधान्य पचायला हलके होते. भाकरीबरोबर उसळ किंवा वरण हवेच. एकातले उणे दुसरे भरून काढते.

तळणीचे तेल पुन्हा पुन्हा तापवू नका. ते अपायकारक होते.

आणि बाप्यांनो, आता तुम्हाला सांगतो. ही गोष्ट बायकांवर ढकलून मोकळे होऊ नका. बाजार तुम्ही करता. पुडा तुम्ही आणता. पहिल्या पंगतीला तुम्ही बसता. मग शेवटचे ताट पाहण्याचे कामही तुमचेच.

आजचा अभ्यास लिहून घ्या. आज रात्री जेवण झाले की लगेच उठू नका. घरात सर्वांत शेवटी कोण जेवते ते पाहा. तिच्या ताटात काय काय आहे ते मोजा. भाकरी किती, भाजी किती, डाळ किती, सगळे वहीत लिहा. उद्या वर्गात ते मोठ्याने वाचायचे.

काहींना वाचताना लाज वाटेल. आम्हालाही वाटली होती. लाज वाटली म्हणजे धडा नीट वाचला, असे समजा. पण तिथेच थांबू नका. परवा तेच ताट पुन्हा मोजा. आकडा वाढला पाहिजे.

रामराम.