शिक्षकाच्या हातातील तराजू

(पेरुंगुडी, चेन्नई येथील भाषणाचा मजकूर)



पेरुंगुडीपासून थोड्याच अंतरावर अड्यारची कर्करोग संस्था आहे. १९५४ साली ती ज्यांच्या प्रयत्नांनी उभी राहिली, त्या डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांच्या पुदुक्कोट्टईच्या महाराजा कॉलेजातील प्रवेशाला सनातन्यांनी कडाडून विरोध केला होता. अखेर संस्थानच्या राजाने परवानगी दिली. १९१२ साली त्याच मुलीने मद्रास मेडिकल कॉलेजातून वैद्यकाची पदवी मिळविली. उणीव तिच्या बुद्धीत नव्हती, पाहणाऱ्यांच्या दृष्टीत होती.

आज शाळेचे दार उघडे आहे. पण दृष्टी बदलली आहे काय? मुलगी गणितात पहिली आली की ती ‘कष्टाळू’ ठरते. मुलगा मागे पडला की ‘डोके आहे, लक्ष नाही’. त्याचे अपयशही बुद्धीच्या खाती जमा, तिचे यशही घोकंपट्टीच्या! उलट, गरीब वस्तीतील मुलाने जरा चुळबुळ केली की तो ‘उनाड’. छडी त्याच्याच वाट्याला येते आणि शाळेवरचे मन उडते.

हा केवळ शब्दांचा प्रश्न नव्हे. व्हिक्टर लावी आणि एडिथ सँड या संशोधकांनी इस्रायलमध्ये वर्गशिक्षकांनी दिलेले गुण आणि नाव न कळता तपासलेल्या परीक्षेतील गुण ताडून पाहिले. प्राथमिक वर्गांत ज्यांच्या गुणदानाचा कल मुलांकडे होता, त्यांच्या विद्यार्थिनी पुढे उच्च गणिताकडे कमी प्रमाणात वळल्या.

म्हणून शिक्षकाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करून भागणार नाही. चूल मुलीची आणि व्यवहार मुलाचा, या घरातील श्रमविभागणीचीच सावली फळ्यावर पडते. महाराष्ट्रात २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या पुस्तकातील चित्रे बदलून घरकामात बापालाही सहभागी केले. पाऊल स्वागतार्ह आहे. परंतु पुस्तक बदलले, तरी ते शिकविणाऱ्याची नजर आपोआप बदलत नाही.

तेव्हा उत्तरपत्रिकेवर नावाऐवजी क्रमांक असावा. अवघड प्रश्न कोणाला विचारले जातात, प्रयोगशाळेत उपकरण कोणाच्या हाती आणि नोंदवही कोणाच्या, वर्ग झाडतो कोण, याची शिक्षकांनी महिनाभर नोंद ठेवावी आणि ती आपसांत तपासावी. पेरुंगुडीच्या रस्त्यालगत संगणक कंपन्यांच्या इमारती उभ्या आहेत. कामगाराची मुलगी तेथे संगणकापुढे बसणार की फरशी पुसणार, याचा निर्णय पुष्कळदा पाचवीच्या वर्गातील एका शेऱ्यानेच सुरू होतो. तो शेरा लिहिणारा हात शिक्षकाचा आहे. तो न्याय्य ठेवणे त्याच्याच हाती आहे.