दगडावरचें नांव

पुण्याहून लोणावळ्याकडे जाणारी लोकल देहू रोड सोडून बेगडेवाडीला येते, त्या परिसरांत घोराडेश्वराचा डोंगर आहे. महाशिवरात्रीला व श्रावणांत भाविक पायऱ्या चढून महादेवाच्या दर्शनाला जातात. परंतु, श्रोतेहो, हा महादेव ज्या गुहेंत बसला आहे ती मुळांत बौद्ध भिक्षूंसाठीं कोरलेली होती. शेलारवाडीचीं लेणीं म्हणतात तीं हींच. तेथें ब्राह्मी लिपींत एक लेख आहे. धेनुकाकट येथें राहणाऱ्या उसभनक नांवाच्या, नांगर धरणाऱ्या गृहस्थाची बायको सियागुतनिका हिनें नंद नांवाच्या आपल्या मुलासह हें लेणें दान दिलें, एवढाच त्याचा आशय. ही बाई कशी होती, तिनें पैसा कसा सांठविला, हें कोणीहि सांगूं शकणार नाहीं. तिचें सारें चरित्र त्या लहानशा लेखांत आहे. राजेरजवाड्यांचीं नांवें इतिहासांत शेंकड्यांनीं सांपडतात. नांगऱ्याच्या बायकोचें नांव दीड हजारांहून अधिक वर्षें टिकावें, हें मात्र दगडाचेंच उपकार.

मावळांतील दगडांना नांवांची संवय जुनी आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहांत वैजयंतीचा शेठ भूतपाल हें जंबुद्वीपांतील उत्तम शैलगृह असल्याचें अभिमानानें सांगतो. तेथेंच सुगंधी द्रव्यें विकणारा सिंहदत्त आहे, आणि दार घडविणारा सामी नांवाचा सुतार, वेणुवासाचा मुलगा, हाहि आहे. बेडशाला नाशिकच्या आनंद शेठीचा मुलगा पुष्यणक आहे. आज सुटीच्या दिवशीं किल्ल्यावर जाऊन दगडावर आपलें नांव लिहिणारा तरुण, पकडला गेला तर, हाच दाखला पुढें करील. ‘जुन्यांनीं लिहिलें तें शिलालेख, आणि आम्हीं लिहिलें तो गुन्हा?’ प्रश्न वरकरणीं बिनतोड वाटतो. पण या जुन्या मंडळींपैकीं प्रत्येकानें आधीं कांहीं दिलें आहे, कोणी खांब, कोणी दार, कोणी अवघें लेणें. आणि नांव लिहिलें आहे तें दिलेल्या वस्तूवर. दुसऱ्याच्या दानावर आपलें नांव घालण्याची ही रीत निराळी आहे. शिवाय नव्या लेखकाला अमर तर व्हायचें असतें, पण आडनांव व गांव लिहिण्याचें धैर्य नसतें. म्हणून बाणानें विंधलेल्या हृदयाशेजारीं एकाकी आद्याक्षरें तेवढीं उरतात!

शहरांतील घराच्या भिंतीवर कोणी कांहीं खरडलें तर उपाय सोपा असतो. महाराष्ट्रांत १९९५ पासून मालमत्तेच्या विद्रूपीकरणाविरुद्ध स्वतंत्र कायदा आहे. तक्रार करावी आणि चुन्याचा किंवा रंगाचा एक हात फिरवावा, कीं झालें. ही घरगुती संवयच डोंगरावर घात करते. चार उत्साही मंडळी रविवारीं तारेचे ब्रश, ॲसिडची बाटली किंवा दगडी रंगाचा डबा घेऊन किल्ला ‘स्वच्छ’ करायला निघतात. त्यांचा हेतु निर्मळ असतो, यांत शंका नाहीं. परंतु सह्याद्रीचा काळा पाषाण दिसतो तितका बेदरकार नाहीं. शतकानुशतकें ऊनपाऊस खाऊन त्याच्यावर जी साय आलेली असते, ती एकदां खरवडली कीं खालचा दगड निराळ्या रंगाचा निघतो. मग रंगानें लिहिलेलें नांव जातें आणि तेंच नांव ओरखड्यानें कायम राहतें. पाषाणाच्या लहान लहान पोकळ्यांत कांहीं ठिकाणीं चुनखडीचे स्फटिक भरलेले असतात. ॲसिड पडतांच ते विरघळतात व दगड सच्छिद्र होतो. दगडी रंगाचें आवरण दिलें, तर आंतला ओलावा कोंडतो आणि पुढें रंगाचे पापुद्रे सुटतांना दगडाचे कणहि घेऊन जातात. अशा ठिकाणीं शेजारच्या हातभर अंतरावर सियागुतनिकेसारखी झिजलेली ओळ असेल, तर सफाई करणाऱ्याला ती ओळ दिसेल, याची हमी कोण देणार?

म्हणून करावयाचें तें एवढेंच, कीं दिसेल तें तातडीनें कळवावें आणि पुसण्याची घाई करूं नये. खडू किंवा कोळसा असेल तर जाणकार माणूस मऊ ब्रश व स्वच्छ पाणी यांवर भागवितो. तैलरंग असेल तर योग्य द्रावकांत भिजविलेल्या कागदाच्या लगद्याचा लेप देऊन रंग हळूहळू वर ओढून घ्यावा लागतो, आणि तो एका फेरींत निघेलच असें नाहीं. कार्ले, भाजें, बेडसें, लोहगड व विसापूर हीं भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखालीं आहेत, आणि त्या खात्याची यासाठीं स्वतंत्र विज्ञानशाखा आहे. पाहणाऱ्यानें जागेचें छायाचित्र काढावें, वेळ टिपून ठेवावी, आणि तेथील पहारेकऱ्याला अथवा खात्याच्या कार्यालयाला कळवावें. लिहिणारा समोरच सांपडला तर वादावादी न करतां ११२ क्रमांकावर पोलिसांना बोलवावें. रेल्वेच्या भिंतीवर किंवा डब्यांत प्रकार दिसला तर १३९ क्रमांक आहे.

संरक्षित स्मारकाच्या विद्रूपीकरणाला १९५८ च्या कायद्यानें तीन महिने कैद किंवा पांच हजार रुपये दंड ठेवला होता. २०१० सालीं तो दोन वर्षें कैद किंवा एक लाख रुपये दंड, अथवा दोन्ही, इतका वाढविण्यांत आला. जुलै २०२५ मध्यें लोहगड इतर अकरा किल्ल्यांसह जागतिक वारशाच्या यादींत गेला, तेव्हां तेथें पाहुणे अधिक येणार, आणि खडू घेऊन येणारेहि अधिक येणार.

लेपानें रंग निघतो. टोकदार लोखंडानें कोरलेलें नांव मात्र निघत नाहीं. तें घासून काढणें म्हणजे त्याच्या खोलीइतका दगड सगळीकडूनच उतरविणें, आणि म्हणून तें बहुधा तसेंच ठेवावें लागतें. अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यांत एका खांबावरील चित्रावर जॉन स्मिथ या इंग्रज लष्करी अंमलदारानें २८ एप्रिल १८१९ या दिवशीं आपलें नांव खरडलें आहे. लेण्याची जमीन त्या वेळीं राडारोड्यानें भरलेली होती, त्यावर तो उभा होता. पुढें तो राडारोडा उपसला गेला. स्मिथचें नांव माणसाच्या डोक्याहूनहि उंच राहिलें आहे, आणि आज तें शोधून पाहावें लागतें.