गुणनियंत्रकांचे मंडळ

तयार झालेला माल शेवटी तपासावयाचा आणि सदोष निघेल तो बाजूस काढावयाचा, ही कारखान्यांची जुनी रीत. अमेरिकेतील वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ साली एक साधा आलेख आखून दाखविला. माल बनत असतानाच मोजमापे त्यावर नोंदवीत गेले, म्हणजे कामात बिघाड शिरू लागल्याचे वेळीच ध्यानात येते.

दुसऱ्या महायुद्धात ही विद्या शिकविणारे अल्प मुदतीचे वर्ग १९४२ पासून तेथे निघाले. परंतु वर्ग संपवून मनुष्य कारखान्यात परतला की एकटा पडे. आलेख म्हणे यंत्र थांबवा. मुकादम म्हणे माल काढा. सल्ला विचारावा तरी कोणास? म्हणून निरनिराळ्या कारखान्यांतील या मंडळींनी गावोगावी आपापली मंडळे स्थापिली. धंद्याचे गुपित न फोडताही अडचण सांगता येते! बफेलो येथील मंडळाने तर १९४४ मध्ये नियतकालिकही काढले.

युद्ध संपले, लष्करी मागणी ओसरली. आता हे आलेख फडताळात पडण्याची भीती होती. अशा वेळी, १६ फेब्रुवारी १९४६ रोजी, स्थानिक मंडळे एकत्र येऊन ‘अमेरिकन सोसायटी फॉर क्वालिटी कंट्रोल’ ही संस्था उभी राहिली. जॉर्ज एडवर्ड्स पहिले अध्यक्ष झाले. १९९७ साली नावातील ‘कंट्रोल’ गळाले. पण शाखांचा भार अद्याप स्वयंसेवकच वाहतात. व्याख्याते मिळवावयाचे, नवख्यास वाट दाखवावयाची, आणि सारे नोकरी सांभाळून. संस्थेच्या परीक्षांचे प्रश्नदेखील अनुभवी सभासदच एकत्र बसून तयार करतात.