टॉवरची भीती वाटते? मग मोजून घेऊ या



बाजाराला किंवा दवाखान्यासाठी नाशिकला आलो, की आपण बऱ्याच जणी द्वारकाला उतरतो. मुंबई-आग्रा रस्ता आणि पुणे रस्ता तिथे मिळतात. गाडीची वाट बघताना मान वर केली, की गच्च्यांवर मोबाईलचे टॉवर दिसतात. आता ते आपल्या गावातही आलेत आणि सोबत भांडणंही आली. ज्याच्या जागेत टॉवर, त्याला भाडं मिळतं. शेजारच्या घरात सून पोटुशी असली, की तिची झोप उडते. दोन घरांचं बोलणं बंद होतं. म्हणून आज या लहरींबद्दल बोलू या.

या लहरी एक्स-रेसारख्या नसतात. फार जोरात असल्या तर त्या शरीर तापवतात. असा परिणाम जिथे सुरू होतो, त्याच्या पन्नासावा हिस्सा एवढीच मर्यादा आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी सामान्य माणसासाठी घातली. आपल्या सरकारने १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरसाठी त्याचाही दहावा हिस्सा ठरवला. म्हणजे ९०० मेगाहर्ट्झच्या लहरींसाठी एका चौरस मीटरवर ४.५ वॅटऐवजी ०.४५ वॅट. एका टॉवरवर दोन-तीन कंपन्यांची यंत्रं असली, तर सगळ्यांची बेरीज मर्यादेत बसली पाहिजे.

टॉवरच्या लहरी बॅटरीच्या झोतासारख्या समोर जातात, सरळ खाली फारशा पडत नाहीत. अंतर दुप्पट झालं, की जोर चौथाईवर येतो. म्हणून टॉवर नुसता जवळ दिसला, यावरून काही ठरत नाही. ताप आहे का, हे आपण थर्मामीटर लावून बघतो. तसंच हेही मोजून बघायचं.

दूरसंचार विभागाचं ‘तरंग संचार’ नावाचं संकेतस्थळ २०१७ मध्ये सुरू झालं. तिथे अर्ज करून टॉवरची मोजणी मागता येते. त्यासाठी ४,००० रुपये आणि वर कर असं शुल्क ठेवलेलं आहे. एकटीला ते जड आहे, पण गटातल्या वीस जणींनी वाटून घेतलं तर दोनशेच्या थोडं वर जातं. अर्ज भरायला कॉलेजातल्या मुलीची मदत घ्या. मोजणीच्या वेळी आपण हजर राहावं. गच्ची, अंगणवाडी, पोटुशीची खोली, जिथे माणसं वावरतात तिथे मोजायला सांगावं आणि आकडा वहीत लिहून घ्यावा. आकडा जास्त निघाला, तर कंपनीला दंड होतो. कमी निघाला, तर शेजारणीशी पुन्हा बोलायला वाट मोकळी होते.

आता आपल्या हातातल्या फोनचं बघू. तो कानाला चिकटलेला असतो, म्हणून डोक्याला त्याच्याच लहरी जास्त लागतात. रेंज कमी असली, की तो आणखी जोर लावतो. त्याची मर्यादा एका किलोला १.६ वॅट आहे. फोनवर *#०७# दाबलं, की बऱ्याच फोनमध्ये त्याचा आकडा दिसतो. लांबलचक बोलायचं असेल तर स्पीकर लावा. झोपताना फोन उशाखाली नको.

कर्करोगाचं काय, असं तुम्ही विचाराल. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०११ मध्ये या लहरी ‘कदाचित धोक्याच्या’ यादीत घातल्या. पुढे संघटनेनेच करवून घेतलेल्या आणि २०२४ मध्ये छापलेल्या आढाव्यात मोबाईल आणि मेंदूच्या कर्करोगाचा संबंध आढळला नाही. तेव्हा घाबरून भांडू नका, आणि गप्पही बसू नका. पुढच्या बैठकीत हा विषय घ्या.